चिमणाचं तिसरं शिखर

यंत्रानं दोन आकडे दिले आणि ते गप्प झालं. तृप्तीला मात्र तिसरा दिसत होता. रीतसर पाहिलं तर तिनं तक्ता छापून घ्यायचा, खाली सही करायची आणि अकराच्या चहाला जायचं, एवढंच काम उरलं होतं. सातपूरच्या त्या प्रयोगशाळेत नवं यंत्र येऊन नऊच दिवस झाले होते, आणि त्या नऊ दिवसांत सगळ्यांनी त्याला असे काही हात जोडले होते की त्याच्या तक्त्याकडं कुणी दुसऱ्यांदा बघत नव्हतं. केसाएवढ्या सोळा काचेच्या नळ्या, त्यांतून धावणारे द्राक्षाच्या डीएनएचे रंगवलेले तुकडे, शेवटी वाट अडवून उभा असलेला लेसर, आणि पाऊण तासात सोळा वेलींची कुंडली कागदावर. ज्याला पूर्वी आठवडा लागे ते आता ती डबा खाईस्तोवर होत होतं. पण खोड ती खोड. तक्ता बाजूला सारून तिनं पडद्यावर मूळ रेघ उघडली. निळी रेघ सपाट, सपाट, मग एकशे ऐंशीला एकदम उंच सुळका, पुन्हा सपाट, आणि पुढं एकशे नव्वदला एक शिखर, त्याला खेटून एकशे ब्याण्णवला आणखी एक. तीन! तक्त्यात होते दोन, एकशे ऐंशी आणि एकशे ब्याण्णव. मधल्याला यंत्रानं केराची टोपली दाखवली होती. खुर्ची पुढं ओढून ती पडद्याला नाक लावून बसली.

मधलं शिखर यंत्रानं का खाल्लं हे तिला ठाऊक होतं, आणि यंत्राचं तसं चुकलंही नव्हतं. द्राक्षाच्या काय, माणसाच्या काय, पेशीतल्या त्या लांबलचक मजकुरात मध्येच कुठंतरी दोनच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, तोतऱ्याची जीभ एकाच जागी अडावी तशी. कुणात पंधरा वेळा, कुणात वीस. तेवढी जागा वेगळी काढून तिची लांबी मोजली की वाण ओळखता येतो. प्रत्येक वेलीत लांब्या दोन, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आता असल्या मजकुराची नक्कल काढताना नक्कल काढणाराही अडखळतो, एखादी जोडी गाळतो, आणि खऱ्या शिखराच्या अलीकडं दोन अक्षरांनी आखूड असं एक बुटकं, खोटं शिखर उभं राहतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला सावली म्हणत. यंत्राला शिकवूनच ठेवलं होतं की सावल्या पुसायच्या आणि दोनच आकडे द्यायचे. पण सावली बुटकी असते. ही सावली मालकाच्या खांद्याला लागत होती. खांद्याला कसली, कानाला. "ही सावली नाही बाई," तृप्ती मोठ्यानं म्हणाली आणि तिनंच दचकून मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. हे वाक्य ती आयुष्यात दुसऱ्यांदा म्हणत होती. पहिल्यांदा म्हटलं होतं आठ वर्षांपूर्वी, १९९६ साली, याच खोलीत आणि याच वेलीबद्दल.

कारण नमुन्याची नळी तीच होती. यंत्राच्या चाचणीला ओळखीचे सोळा नमुने हवे होते म्हणून तिनं फ्रीझरच्या तळातले जुने डबे उपसले, आणि त्यात 'भि-७' हाताला लागली, तिच्याच तेव्हाच्या गोल अक्षरातली. भि म्हणजे भिमाजी, तिचे मामा. नळी परत ठेवावी की काय म्हणून हात घुटमळला होता खरा, पण मग तिनं ती लावली. त्या काळी असलं यंत्र कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. दोन मोठ्या काचांमध्ये पातळ जेल ओतायचं, हवेचा बुडबुडा राहिला की धुऊन पुन्हा ओतायचं, दिवसभर वीज सोडायची, भारनियमन आलं की नशिबाला बोल लावायचा, आणि शेवटी चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ते जेल बुडवून काळ्या रेघा उमटायची वाट बघायची. त्या पाण्यानं बोटांची टोकं काळी पडत आणि काही केल्या निघत नसत. तिला बघायला आलेल्या एका बाईंनी पोह्यांची बशी घेता घेता विचारलं होतं, "मुलगी शाईच्या कारखान्यात आहे का हो?" ते स्थळ गेलं ते बरंच झालं. पण त्या काळ्या रेघा वाचायला तिच्यासारखी नजर कुणाची नव्हती. प्रयोगशाळेचे प्रमुख रहाळकर सर पुण्याचे, कौतुक चमच्यानं मोजून करणारे, पण तेही म्हणत, "तृप्तीला विचारा. जेल तिच्याशी बोलतं." बावीस वर्षांच्या पोरीला हे वाक्य पुरणपोळीसारखं पुरायचं, दोन दिवस.

मामांची गोष्ट साधी होती. निफाडजवळच्या त्यांच्या मळ्यात थॉमसनच्या, म्हणजे नेहमीच्या बिनबियांच्या द्राक्षाच्या, एका वेलीवर एका वर्षी एकाच काडीला निराळे घड आले. मणी लांबट, साल कुरकुरीत, आणि तोडून आठ दिवस झाले तरी देठ हिरवा. द्राक्षवाले याला स्पोर्ट म्हणतात आणि देव पावला म्हणून नारळ फोडतात, कारण गाजलेले वाण पुष्कळदा असेच कुणाच्या तरी बागेत कुणाच्या तरी नजरेला पडलेले असतात. मामांची नजर तशी होती. घडातले मणी मोजून विरळणी करणारा माणूस. बायकोनं भाजीत मीठ विसरलं तर बोलणार नाही, पण मजुरानं घडाला कात्री लावताना एक मणी दुखावला तर दिवसभर हळहळणार. त्यांनी त्या काडीची कलमं भरून सात वेली केल्या आणि वाणाला आपल्या आईचं नाव दिलं, चिमणाबाईवरून चिमणा. बागायतदारांच्या संघात नोंद करायची तर प्रयोगशाळेचा दाखला हवा होता. मामा स्वतः एसटीनं पानं घेऊन आले, ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून. आणि तृप्तीच्या जेलवर त्या पानांच्या दोनाऐवजी तीन रेघा आल्या. ती सरांना म्हणाली होती, "ही सावली नाही सर, ही खरी आहे." सरांनी भिंग लावून पाहिलं आणि मामांना बोलावणं धाडलं.

ती केबिन तिला आजही इंच न् इंच आठवते. काचेखाली ठेवलेलं रेल्वेचं टाइमटेबल, सरांचं पेन, आणि खुर्चीच्या कडेवर टेकलेले मामा. सर चेष्टेच्या सुरात म्हणाले, "भिमाजीराव, झाडाला एक आईकडून मिळतं, एक बापाकडून. हे तिसरं कुणाकडून मिळालं? मामाकडून?" दारात उभे असलेले दोघंतिघं खो खो हसले. मामाही हसले, कारण साहेब हसले की हसायचं असतं. मग सर गंभीर झाले. "शक्यता दोनच. एक तर इथं नळ्यांची मिसळ झाली, नाहीतर मुळात पानंच दोन वेलींची आली. तृप्ती, तुझ्या हातून मिसळलं का?" तृप्ती म्हणाली, "नाही सर. माझ्या हातून नाही." आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. पण ती खरं बोलत होती. दर थेंबाला टोक बदललं होतं, नळ्या ओळीनं होत्या, तिला तिचा हात ठाऊक होता. मामांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "माझ्याकडूनच झालं असंल साहेब. घाईत तोडली पानं. शेजारच्या वेलीचं एखांदं आलं असंल." सर म्हणाले, "बघा, म्हणजे झालंच की." दाखला गेला, नोंद राहून गेली, आणि जेल धुऊन टाकलं गेलं.

मामांवर राग आला होता तिला, अगदी मनापासून. घाईत? मामा आणि घाई? मणी मोजणारा माणूस, आणि भाचीच्या नोकरीच्या ठिकाणी पानं मिसळून आणतो! कुणी म्हणालं, हावरटपणा केला, थॉमसनमध्ये दुसरं काही मिसळून नवा वाण म्हणून खपवायला गेला. गावानं तर त्यांना 'मिसळ' असं नावच पाडलं. मामा पारावरून गेले की मागून कुणीतरी तर्री मागायचं. हे आईनं सांगितलं तेव्हा तृप्ती म्हणाली, "मग कशाला केलं तसं?" त्यानंतर तृप्ती मळ्यात गेली ती मोजून तीनदा, लग्नकार्यापुरती, आणि प्रत्येक वेळी मामांशी बोलताना तिचा स्वर बँकेतल्या बाईसारखा व्हायचा. मामांच्यात मात्र काडीचा फरक नाही; तेच "ये बाई, बस," तेच हातावर घड ठेवणं. त्याचाच जास्त राग यायचा. अपराधी माणसानं जरा अपराध्यासारखं वागावं ना!

आता पडद्यावर तीन शिखरं उभी होती. थांब, ती स्वतःला म्हणाली, उडी मारू नकोस. तेव्हा अशा दोनच जागा, दोनच खुणा, तपासता येत होत्या, आज यंत्र बारा तपासतं. बाकीच्या अकरा बघ. तिनं एकेक रेघ उघडली. पहिली थॉमसनसारखी. दुसरी थॉमसनसारखी. पाचव्या रेघेपर्यंत ती मोठ्यानं मोजू लागली होती. अकराच्या अकरा थॉमसन, स्वच्छ, दोन-दोन शिखरांच्या, कुठं तिसऱ्याचं नाव नाही. पानं दुसऱ्या वाणाच्या वेलीशी मिसळली असती तर या अकरांत कुठंतरी घोळ दिसला नसता? नळीत दुसरं काही पडलं असतं तर ते फक्त एकाच खुणेपुरतं पडलं असतं? तिला उठून उभं राहावंसं वाटलं, आणि ती उठलीच. गेल्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत वाचलेला एक लेख तिला आठवत होता, फ्रान्सकडच्या एका द्राक्षाचा. वेलीच्या शेंड्याला दोन पदर असतात, वरचा सालीचा आणि आतला गाभ्याचा. एखाद्या दिवशी वरच्या पदरातली एक पेशी मजकुराची नक्कल काढताना एक जोडी जास्त लिहून जाते, आणि तिथून पुढं तो सगळा पदर तसाच वाढतो. एकाच वेलीत आत एक, बाहेर दुसरं! पानात दोन्ही पदर असतात, म्हणून शिखरं तीन. पण मूळ फुटतं ते फक्त आतल्या पदरातून. म्हणजे पानात तीन आणि मुळात दोन आली, तर सगळा सोक्षमोक्ष. तेवढ्यात सर डोकावले. "तक्ता झाला?" "झाला सर. एक नमुना ताजा आणून पुन्हा लावायचाय. दुपारची सुट्टी घेऊ का?" सरांनी घड्याळ बघून मान हलवली, आणि ती चहा न घेताच सीबीएसच्या एसटी स्टँडवर पोचली.

निफाडच्या गाडीत खिडकीशी बसून तिला एकच प्रश्न छळत होता. मामांनी मिसळलं नसेल तर ते तसं म्हणाले का? पण तो प्रश्न तिनं फार वेळ जवळ ठेवला नाही. केबिनला घाबरले असतील, साहेबापुढं खेड्यातला माणूस काहीही कबूल करतो, असं म्हणून तिनं तो खिडकीबाहेर सोडून दिला. मळ्यात तोडणी चालू होती. मामा मंडपाखालून वाकून बाहेर आले. डोक्यावर टोपी, हातात कात्री, सत्तरीला टेकलेले. "तृप्ते! आज वाट वाकडी केली?" तिनं सांगितलं की नव्या मशीनला नमुना लागतो, चिमणाचं पान हवंय आणि थोडं मूळ. कशाला ते सांगितलं नाही. खरं ठरेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. मामांनीही विचारलं नाही. "सातातली एकच राह्यलीय," ते चालता चालता म्हणाले, "हिरीजवळची. तिलाबी एप्रिल छाटणीला काढायची म्हणतोय. उगं जागा अडवून बसलीय." तृप्ती घाईनं म्हणाली, "इतक्यात नका काढू." "का गं? तुझ्या मशीनला खायला लागतीय का?" आणि ते आपल्याच विनोदावर हसले. वेलीला घड होते, लांबट, हिरवे, उन्हात आतली बी नसलेली पोकळी दिसावी इतके पारदर्शक. मामांनी एकाच काडीची तीन पानं तोडली, बुंध्याशी उकरून बोटभर मूळ काढलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं. गुंडाळी तशीच होती, आठ वर्षांपूर्वीसारखी. तिला रडू आलं आणि तिनं ते शिंकेवर नेलं.

मंगळवार पानं वाटण्यात, गाळण्यात, नकला काढण्यात गेला. बुधवारी दुपारी तिनं नमुने यंत्रात ठेवले आणि पडद्यासमोरून हलली नाही. पान पहिल्यांदा आलं. ऐंशी. नव्वद. ब्याण्णव. तीनही, ताज्या पानातून, ताठ! तिनं टेबलावर मूठ मारली, पेन उडून खाली पडलं. आता फक्त मूळ. मुळाची रेघ सरकू लागली, सपाट, सपाट, एकशे ऐंशी आलं आणि गेलं, तिथं काहीच नाही. एकशे नव्वद, काहीच नाही. आणि कुठंतरी दोनशेच्याही पुढं दोन अनोळखी शिखरं उगवली, ज्यांचा ना थॉमसनशी ना चिमणाशी कसला संबंध. बाकीच्या अकरा खुणाही तशाच, सगळ्या परक्या. तृप्ती बघतच राहिली. सर केव्हा मागं येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी 'भि' अक्षर वाचलं, पडदा वाचला, आणि हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा तेच? पुन्हा मिसळ?" रागावले असते तर बरं झालं असतं. आठ वर्षं जिच्या जोरावर मान ताठ ठेवली ती हाताची खात्री तिच्या डोळ्यांदेखत वितळत होती. म्हणजे माझाच हात. तेव्हाही माझाच. मामांचं नव्हतंच, माझं होतं, आणि मी मोठ्या आवाजात नाही म्हटलं.

किती वेळ गेला, पाच मिनिटं की पंधरा, तिला सांगता आलं नसतं. ती नुसती त्या दोन परक्या शिखरांकडं बघत होती. कोण रे तुम्ही? कुठल्या मुलखाचे? थॉमसनचे नाही, सोनाकाचे नाही, आपल्याकडच्या कुठल्याच द्राक्षाचे नाही, रानटी दिसता... रानटी! आणि ती हसत सुटली. अशी हसत सुटली की शेजारच्या खोलीतला माणूस दार उघडून बघून गेला. "सर," ती धापा टाकत म्हणाली, "सर, मूळ डॉगरीजचं आहे!" सर बघत राहिले. "कलम आहे सर ते! मामांनी कलमं भरून वेली केल्या होत्या. जमिनीत मूळ खुंटाचं, डॉगरीजचं, अमेरिकेतल्या रानवेलीचं. वर चिमणा, खाली तो! मी मूळ आणलं ते दुसऱ्याच झाडाचं!" निफाडातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की पाणी खारावल्यापासून द्राक्षाला स्वतःचं मूळ उरलेलं नाही, सगळी बाग पाहुण्याच्या पायावर उभी आहे, आणि द्राक्षवाल्याची भाची, द्राक्षाचं शास्त्र करणारी, मामांकडून पाहुण्याचाच पाय उकरून घेऊन आली होती. सरांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "स्वतःच्या मुळावरचा चिमणा आण," ते म्हणाले, "मग बोलू." पण आणायचा कुठून? काडी वाळूत रोवली तर मुळं फुटायला महिना, आणि तृप्तीला आता पुढचा तासही निघत नव्हता.

तिनं मळ्यात फोन लावला. मामा टेम्पोबरोबर पिंपळगावला गेलेले. फोन लंकाबाईमामींनी घेतला, त्या फोनमध्ये अजूनही विहिरीत हाक मारावी तशा बोलत. तृप्तीनं शंभरदा समजावलं की कलम नको, नुसती काडी खोचून वाढलेला वेल हवा. मामी म्हणाल्या, "आगं मंग आमच्या न्हाणीवरला हाय की! आठ वर्सांमागं छाटणीची काडी व्हती, सांडपाण्यात खोचून दिली म्या, सावलीला. त्याला कोण कलम करतंय? बुलबुलं खात्यात त्याची द्राक्षं." "कुठली काडी मामी? चिमणाची?" "मंग काय! तवा दुसरी छाटली कुठं व्हती तेनी?" तृप्तीला फोनमधून हात घालून त्या बाईचे गाल ओढावेसे वाटले. शास्त्रज्ञांनी जो वेल महिनाभर वाळूत वाढवला असता तो एका बाईनं भांड्यांच्या पाण्यावर आठ वर्षं पोसला होता! गुरुवारी पहाटेच्या गाडीनं ती पोचली. मामा पुन्हा नव्हते. मामींनी खुरप्यानं न्हाणीमागची काळी, साबणाच्या वासाची माती उकरली आणि पांढरं, धाग्याएवढं मूळ तिच्या तळहातावर ठेवलं. मूळ देता देता त्या म्हणाल्या, "गावानं तेन्ला काय काय म्हनलं तृप्ते, पर तुझ्यावर कधी शब्द येऊ दिला नाय त्यांनी." तृप्ती म्हणाली, "हो मामी," आणि घड्याळ बघितलं. साडेआठची गाडी गाठायची होती. ते वाक्य तिनं ऐकलं, पण ते तिच्यापर्यंत आलं नाही.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता सर स्वतः खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. सोळा नळ्यांत सगळं लावलं होतं, विहिरीजवळच्या वेलीचं पान, न्हाणीवरचं पान, न्हाणीवरचं मूळ, साधा थॉमसन, आणि शंका नको म्हणून प्रत्येक नमुना चारदा. पानं आली, तीन, तीन. मग मूळ. एकशे ऐंशी, उंच. सपाट. एकशे नव्वद, उंच. एकशे ब्याण्णव. रेघ सपाट गेली, जमिनीवरून गेली, काहीही न घडल्यासारखी पुढं निघून गेली. "नाही!" तृप्ती ओरडली, "नाही सर, ब्याण्णव नाहीच!" आतला पदर थॉमसन, बाहेरचा चिमणा, एकाच वेलीत दोघं, आणि झाडानं जे दाखवलं तेच तिच्या काळ्या बोटांनी आठ वर्षांपूर्वी वाचलं होतं. सरांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. "मी तिसरी शक्यता धरलीच नव्हती," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "संघाला पत्र मी लिहितो. माझी चूक म्हणून लिहितो." मग दाराशी जाऊन ते वळले. "पण तृप्ती, मग भिमाजीरावांनी त्या दिवशी कबूल का केलं?" "घाबरले असतील हो सर," ती म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. ती तिन्ही रेघा रंगीत छापून घेत होती.

शनिवारी ती मळ्यात पोचली तेव्हा मामा ओट्यावर बसून कात्रीला धार लावत होते. तृप्तीनं चपला कुठं काढल्या ते तिचं तिला माहीत नव्हतं. तिनं तिन्ही कागद त्यांच्यापुढं पसरले आणि एका दमात सगळं सांगितलं, दोन पदर, यंत्र, डॉगरीजचा घोटाळा, मामींची काडी, सरांचं पत्र. मामा बोट लावून प्रत्येक शिखर बघत होते, घडातले मणी मोजावेत तसे. "म्हंजी नोंद व्हनार चिमणाची?" "होणार! तुमच्या नावानं होणार!" तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. "मामा, तुम्ही पानं मिसळली नव्हती! मला कळलंय आता. एकाच वेलीची होती."

"ते मला ठावंच हाय की," मामा म्हणाले. "एकाच काडीची तोडली व्हती म्या. मोजून."

"मग केबिनमध्ये..."

"आता काय सांगायचं तेचं," मामा कात्रीकडं बघत म्हणाले. "तू एवढीशी पोर, नवी नवी नोकरी. साहेब इचारतोय अन् तू वरडून नाय म्हनतीस. मला वाटलं, घाबरलीस. हातून झालं असंल, हातच हाय माणसाचा. तुला काढून टाकलं असतं. मला कोण काढतंय माझ्या बागेतनं? म्हनलं, घ्यावं आपल्या अंगावर."

आतून मामींनी भांडं ठेवल्याचा आवाज आला. तृप्तीनं त्यांचे हात सोडले नव्हते. आनंद होता तसाच होता, छातीत मावत नव्हता, आणि त्याच्याच आत काहीतरी फार दुखत होतं.

"मामा," ती म्हणाली, "माझ्याही हातून नव्हतं मिसळलं."

मामांनी मान वर करून पाहिलं. "नाय?"

"नाही."

"आई शप्पत?"

"आईची शपथ."

त्यांचं पोट हलू लागलं, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आरं देवा," ते म्हणाले, "मंग मी आठ वर्सं तुला माफ कशापायी करत व्हतो गं?"

"मी तर तुम्हाला तेवढंही केलं नव्हतं, मामा," तृप्ती म्हणाली.